रात्री उशीर झाला तरी निघतच नाहीत अशा पाहुण्यांसाठी क्रियापद कोणतं? आणि ‘घालवायला जाणे’ चूक आहे का?

शेवंती
एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी कथेचं भाषांतर करते आहे. प्रसंग साधा आहे. शनिवारची रात्र. जेवणं ९:३० ला आटोपलीत, आता ११:३० वाजून गेलेत. लहान मुलगी सोफ्यावरच झोपली आहे. घरातल्या बाईला सकाळी ६ ची ड्यूटी आहे. आणि पाहुणे उठत नाहीत. मूळ लेखिकेने हे सगळं एका क्रियापदात सांगितलंय. मला मराठीत तसं क्रियापद सापडेना. ‘ठाण मांडलं’ लिहिलं तर पाहुणे मागण्या घेऊन आल्यासारखे वाटतात. ‘तळ ठोकला’ म्हटलं की तंबू दिसतात. ‘रेंगाळले’ जवळचं आहे, पण रेंगाळणारा निघालेला असतो, त्याची पावलं फक्त हळू पडतात. हे पाहुणे निघालेलेच नाहीत. त्यांचा हेतूही वाईट नाही, त्यांना गप्पांत वेळेचं भान नाही, इतकंच.

दुसरी अडचण. कथेच्या शेवटी नवरा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जातो. मी लिहिलं, ‘तो त्यांना खाली घालवायला गेला.’ संपादकांनी लाल खूण केली: घालवायला म्हणजे हाकलायला, अर्थ उलटतो, ‘निरोप द्यायला’ करा. मी कोल्हापूरची. आत्या गावाला निघाली की आम्ही सगळी पोरं तिला स्टँडवर घालवायला जायचो आणि गाडी हलली की रडायचो. तो शब्द चूक कसा असेल?

तांबडी माती
अजिबात चूक नाही. सांगलीत आम्ही आजही ‘पावण्यांना घालवून आलो’ म्हणतो. वडील आजारी असायचे तरी आलेल्या माणसाला कोपऱ्यापर्यंत घालवायला जायचेच. दारातून हात हलवून आत वळणं त्यांना कधी जमलं नाही.

जुनी पेठ
मी पुण्यात वाढले आणि लग्न करून मिरजेला गेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई यांना म्हणाल्या, “जा, व्याह्यांना घालवून ये.” मी स्वयंपाकघरात होते. माझ्या आईवडिलांना घालवून ये! मी डोळे पुसत बसले, आणि मला काय झालं ते कोणाला कळेना. आज मीही तोच शब्द वापरते, म्हणून तो चूक आहे असं म्हणणार नाही. पण आमच्या पेठेत घालवतात ते पैसे, अब्रू, नाहीतर ताप. अंक सगळ्या महाराष्ट्रात जाणार. नागपूरच्या वाचकाला तिथे ठेच लागली तर त्याचा काय दोष?

पायवाट
थोडं व्याकरण. बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, निजणे-निजवणे. ‘जाणे’चं असं प्रयोजक रूप आपण बोलत नाही, ते काम ‘घालवणे’ करतं. वेळ गेला, वेळ घालवला. पैसे गेले, पैसे घालवले. त्याच न्यायाने पाहुणे गेले, पाहुण्यांना घालवलं. शब्दात मुळात तिरस्कार नाही, तो पुढच्या क्रियापदातून येतो. ‘घालवून दिलं’ म्हणजे हाकललं. ‘घालवून आलो’ किंवा ‘घालवायला गेलो’ म्हणजे सोबत चाललो. देणे लागलं की माणूस दाराबाहेर, येणे-जाणे लागलं की आपण त्याच्या शेजारी. शेवंतीताईंच्या वाक्यात ‘गेला’ आहे, म्हणून अर्थ उलटत नाही. संपादकांना हे दाखवा.

मूळ प्रश्नासाठी मात्र नवा शब्द घडवायला हवा. ‘अतिवास’ घ्या: ‘पाहुण्यांचा अतिवास झाला.’

तांबडी माती
घालवण्याचं पटलं, अतिवास नाही. हे वाक्य बाई मनात बोलते आहे. झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरूण घालताना कोणत्या बाईच्या मनात ‘अतिवास’ येतो?

पायवाट
‘महापौर’ही एके काळी कोणाच्या मनात येत नव्हता. सावरकरांनी दिला, वापरला गेला, आज गल्लीतलं पोर म्हणतं. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही, आणि रुळला नाही म्हणून वापरायचा नाही, हे चक्र कोणीतरी तोडायला नको का?

तांबडी माती
महापौराला सभागृह होतं, पाटी होती, रोजची बातमी होती. रात्री ११:३० ला पाहुण्यांना काय म्हणायचं हे नवराबायको आत ओट्यापाशी दबक्या आवाजात बोलतात. तिथे कोणी शब्द नेऊन ठेवू शकत नाही.

समईची वात
‘घालवणे’वरून ‘बोळवण’ आठवली. तिचं नशीब मला जास्त वाईट वाटतं. पेपरात ‘शेतकऱ्यांची तुटपुंज्या मदतीवर बोळवण’ असंच वाचायला मिळतं. माझ्या आजीच्या तोंडी बोळवण म्हणजे सासरी निघालेल्या लेकीला ओटी भरून, शिदोरी बांधून, वेशीपर्यंत चालत जाऊन वाटेला लावणं. गौरींचीही बोळवणच. आता शिदोरीचं ‘थोडंसं काहीतरी’ झालं आणि सन्मान गळून पडला.

विषयाला धरूनच सांगते. गौरींइतका वेळ पाळणारा पाहुणा नाही. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. आणि गणपतीच्या उत्तरपूजेत आपण काय म्हणतो? ‘यान्तु देवगणाः सर्वे’, सर्व देवहो, आता जावं. लगेच ‘पुनरागमनाय च’, परत येण्यासाठी. मग मूर्ती जागची जराशी हलवायची. ‘जा’, ‘पुन्हा या’ आणि एक हलकासा हात, तिन्ही एका दमात. देवाला हे इतक्या प्रेमाने सांगता येतं आणि शेजाऱ्याला सांगायला आपल्याकडे शब्द नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं.

काळी जमीन
अमरावतीकडचा आहे. शब्द नाही कारण गावात ही वेळच येत नव्हती. दिवेलागणीनंतर आलेला सोयरा मुक्कामीच असायचा. वस्तीची गाडी रात्री येऊन गावात थांबायची आणि पहाटे निघायची, मधे जायला साधनच नाही. पाहुणा एक तर चहा पिऊन उजेडी निघाला, नाहीतर त्याची वळकटी पडली. रात्री १२ ला “चला, निघतो” हे फ्लॅट, गाडी आणि रस्त्यावरचे दिवे आल्यावरचं. आमच्या आईने ओसरीवर अंथरूण टाकलं की बोलणं मिटलं. कोणी ‘उशीर झाला’ म्हणत नसे.

जुनी पेठ
मुंबईत माझ्या मावशीकडे हे काम ‘शेवटची कर्जत’ करायची. गाडीचं नाव काढलं की मंडळी उठत. यजमानाला वाईटपणा नको.

पाटपाणी
म्हण विसरलात का सगळे? ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.’

तांबडी माती
आमच्याकडे ‘दुसऱ्या दिवशी पै’. दुसऱ्या दिवसापासून पाहुण्याची किंमत पैची, असं आजोबा समजावून सांगायचे.

पायवाट
पैशाशी संबंध नाही. संस्कृत पथिक, प्राकृत पहिअ, मराठी पई. पहिल्या दिवशी तुम्ही पाहुणे, दुसऱ्या दिवशी वाटसरू, म्हणजे वाटेला लागायची वेळ झाली. ‘पै-पाहुणा’ या जोडशब्दातला पैही तोच. वाटसरू आणि सोयरा, दोघांचं एकत्र स्वागत.

तांबडी माती
पथिकाचा पई होईलही. पण म्हण जिवंत राहिली ती लोकांनी पैसा समजून. आजोबांना प्राकृत येत नव्हतं, हिशेब येत होता. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या डोक्यात असतो की कोशात?

पायवाट
दोन्हीकडे. पण चुकीच्या समजुतीला व्युत्पत्ती म्हणू नका, एवढंच मागणं आहे.

समईची वात
व्युत्पत्तीवर आलाच आहात तर ‘अतिथी’ बघा. ज्याची तिथी ठरलेली नाही तो, असं शाळेत शिकवतात. मनुस्मृतीत तिसऱ्या अध्यायात १०२ वा श्लोक वेगळं सांगतो: ‘एकरात्रं तु निवसन्नतिथिर्ब्राह्मणः स्मृतः’. एक रात्र राहतो तो अतिथी, त्याचं राहणं अनित्य म्हणून तो अतिथी. दुसरी रात्र आली की शब्दच लागू होत नाही. म्हणीतला पहिला दिवस आणि ही एक रात्र, हिशेब एकच आहे.

पायवाट
श्लोक बरोबर, पण तीही जोडलेली व्युत्पत्ती. ‘अत्’ म्हणजे सतत चालणे, त्या धातूपासून अतिथी. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, पाहुण्याला ‘अस्ति’ म्हणतात, ते याच्याच नात्यातलं. म्हणजे शब्दाच्या पोटात चालणं आहे. बसणं नाही.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार, पण दिवसांचा हिशेब मला उपयोगी नाही. मला तास हवेत. ९:३० ते ११:३०. हे पाहुणे राहायला आलेले नाहीत, जेवायला आले आहेत.

खडीसाखर
क्रियापद कशाला शोधता? मराठीत हे ‘च’ करतो. ‘पाहुणे बसले ते बसलेच.’ झालं.

बेळगावकर
निरोपाचा विषय निघालाय म्हणून. आम्ही बेळगावात ‘येतो’ म्हणतोच, पण ‘जाऊन येतो’ही म्हणतो. कन्नड शेजारी ‘होगि बर्तीनि’ म्हणतात, ते शब्दशः तेच. माझी बहीण बडोद्याला असते, तिथे ‘आवजो’, म्हणजे ‘या’. निघताना नुसतं ‘जातो’ कोणीच म्हणत नाही. माझं मत असं की उशिराची खरी अडचण इथे आहे. ‘जा’ हा शब्द दोघांनाही वर्ज्य, तर यजमान सांगणार कसं आणि पाहुणा ऐकणार कसं?

जुनी पेठ
सांगण्याच्या रीती होत्या, त्यात शब्द नव्हता. सवाष्ण उठायच्या बेतात दिसली की आई करंडा घेऊन यायची. कधी कधी उठायच्या बेतात नसली तरी यायची. कुंकू लावलं की बाई उठलीच. त्यात अपमान नव्हता, उलट मान होता. दरबारात विडा आणि अत्तरगुलाब हेच काम करत. विडा हातात पडला, भेट संपली. आमच्या घरात आता करंडा देवघरातच राहतो, आणि माझ्या सुनेला जांभया आवरत बसावं लागतं.

काळी जमीन
आमचे आजोबा पेटी वाजवायचे. मंडळी फार वेळ बसली की पेटी पुढे ओढून भैरवी धरायचे. सकाळचा राग रात्री १२ ला, पण मैफलीत भैरवी शेवटी असते हे सगळ्यांना ठाऊक. लोक डोळे मिटून पूर्ण ऐकायचे आणि मग टोप्या शोधायचे. ते गेल्यावर असा कोणी उरला नाही. पेटी माझ्याकडे आहे, वाजवता येत नाही.

गराजचं दार
कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे पाहुणे ‘निघतो’ म्हणाल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत पाऊण तास जातो. बुटांपाशी उभ्याने १५ मिनिटं, मग गराजमध्ये, मग गाडीची काच खाली करून. आत तीन तास बसून जे बोलले नाहीत ते तिथे बोलतात: आईचं ऑपरेशन, नोकरी गेल्याचं, भारतात परतायचं की नाही. त्या उभ्या गप्पांना शब्द आहे का? माझा मुलगा विचारतो, “हे गेले का अजून नाही?” आणि मला मराठीत उत्तर देता येत नाही. शेवंतीताई, तुमच्या पाहुण्यांना इतकं दोषी धरू नका. कदाचित त्यांना अजून काही सांगायचं असेल.

समईची वात
‘दारातलं बोलणं’ म्हणायची आजी. दारातलं बोलणं खरं, असंही म्हणायची.

पायवाट
संपादकांच्या ‘निरोप देणे’बद्दल राहिलं. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, परवानगी. कन्नडात निरूप म्हणजे हुकूम. निरोप मागायचा पाहुण्याने, द्यायचा यजमानाने. ‘रजा’ही तशीच, अरबी ‘रिझा’ म्हणजे संमती. जुनी कल्पना अशी की पाहुणा निघायला तयार आहे आणि यजमान सोडत नाही. या कथेत नेमकं उलट आहे. म्हणून ‘निरोप द्यायला गेला’ अर्थाने ढिलं, ‘घालवायला गेला’ घट्ट.

जुनी पेठ
निरोपाचा तो अर्थ आज कोणाच्या कानात आहे? ‘घालवणे’ वाचकाला कळणार नाही म्हटलं तर तुम्ही बोलीच्या बाजूने. ‘निरोप’ सगळ्यांना कळतो, तर तुम्ही कोशाच्या बाजूने.

तांबडी माती
हे मात्र जुन्या पेठेचं बरोबर.

पायवाट
मी अर्थाच्या बाजूने आहे. मघाशी अर्थ बोलीत होता, आता कोशात आहे.

शेवंती
आज संपादकांशी फोनवर बोलले. ‘घालवून दिलं’ आणि ‘घालवून आलो’ हा फरक त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. ते मूळचे जळगावचे. म्हणाले, पटतंय, पण कानाला लागतंय. वाक्य तूर्त तसंच राहिलंय, शेवटच्या प्रुफाला पुन्हा बघू म्हणाले. ‘दारातलं बोलणं’ मी कथेत घेते आहे, फाटकापाशी ते खरोखरच काही बोलतात.

पहिलं क्रियापद अजून रिकामं आहे. तिथे मी सध्या फक्त घड्याळाची वेळ लिहून ठेवली आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

खडीसाखर
‘बसले ते बसलेच’ का नको, ते कळलं नाही.

पाटपाणी
गावाकडे आईला फोन करून म्हण पुन्हा विचारली. ती म्हणते ‘तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल गेली कई’. ‘जाई’ नाही, ‘कई’. म्हणजे कुठे, की केव्हा? आणि ‘पई’ म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, पई म्हणजे पई.

तांबडी माती
बघा, पैसा नाही म्हणाली का?

पायवाट
पथिकही नाही म्हणाली नाही. ‘कई’ जुनं आहे, ‘केव्हा’ या अर्थाने. आईंचं गाव कोणतं ते सांगाल का?