मदत हवी आहे: जुनं घर घेताना (आणि आपलं विकताना) तज्ज्ञाकडून तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी,

नेमका या विषयावरचा धागा सापडला नाही, म्हणून नवा काढतेय. जाणकारांनी कृपया इथेच लिहावं, व्यनित (खासगी निरोपात) नको. इतरांनाही उपयोग होईल.

आम्ही एक जुनं बैठं घर घ्यायचं जवळजवळ नक्की केलंय. कागदपत्रं वकिलांनी तपासली, तिथे काही अडचण नाही. घर मात्र आम्हीच 'बघितलंय', म्हणजे नळ सोडले, दिवे लावले, खिडक्या उघडल्या. मागच्या खोलीत एकाच भिंतीला कमरेपर्यंत ताजा रंग आहे, बाकीच्या भिंती जुन्याच. त्याच भिंतीला कपाट टेकवून ठेवलंय आणि स्कर्टिंगच्या सांध्यातून पांढरी भुकटी येते. बोट फिरवलं की निघते. शिवाय स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे एक तिरकी भेग गेली आहे. मालक म्हणतात, प्लास्टरची आहे. एजंट म्हणतो, जुन्या घरात एवढं चालायचंच.

मला रीतसर तपासणी करून घ्यायची आहे. एजंट त्याच्या ओळखीचा माणूस द्यायला तयार आहे आणि तोच पुढे दुरुस्तीही करून देईल म्हणे. तो घ्यावा का? तपासणी इसार देण्याआधी करायची की नंतर? आणि त्यातून कळतं तरी काय काय?

दुसरं म्हणजे, या व्यवहारासाठी आम्ही राहतं घर विकतोय. विकणाऱ्यानेही आधी तपासणी करून घ्यावी का? भावाचं मत, आपल्याच घरातली खोट आपणच कागदावर कशाला आणायची?

प्रतिसाद

करून घ्याच. घराच्या किमतीपुढे तपासणीची फी काहीच नसते. बाकी जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद

ताई, मी स्ट्रक्चरल कामं करतो. फोटो न बघता निदान करणार नाही, पण काय बघायचं ते सांगतो.

आधी भेग. खिडकीच्या कोपऱ्यावर ताण एकवटतो, त्यामुळे तिथे भेगा पडतातच. तेवढ्यावरून घाबरू नका. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी ढोबळ अंदाजाला बरी आहे. १ मिमीपर्यंतची भेग रंगकामात बुजते, ५ मिमीपर्यंतची किरकोळ धरतात, त्यापुढे काम वाढत जातं आणि २५ मिमीच्या वर गेली तर बांधकामाचा भाग पुन्हा उभारायची वेळ येते. पण रुंदीपेक्षा महत्त्वाचं हे की भेग थांबली आहे की अजून वाढतेय. आत धूळ साचलेली आणि जुना रंग शिरलेला असेल तर ती बहुधा जुनी आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. त्याच जागी बाहेरून भेग आहे का? खिडकी घासत लागते का? या दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर 'प्लास्टरची आहे' हे पटवून घेऊ नका.

मला भिंतीचीच जास्त काळजी वाटते. पांढरी भुकटी म्हणजे क्षार. भिंतीतलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाळतं आणि क्षार मागे राहतात. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत दिसते, म्हणून कमरेपर्यंतचा नवा रंग मला खटकतो. पण पलीकडे न्हाणीघर असेल तर गळती असू शकते. बाहेरची जमीन आतल्या फरशीहून उंच असेल तर तिथूनही पाणी येतं. तिन्हींचे उपाय वेगळे, खर्चात तर जमीन-अस्मानाचा फरक. नुसतं ओलावामापक टेकवून आकडा लिहून देणारा तपासनीस इथे कामाचा नाही. भिंतीत क्षार असले की तो आकडा फुगतो. ओल कुठून येते हे शोधणारा माणूस हवा.

एजंटचा माणूस नको. अमेरिकेतल्या एएसएचआय या तपासनीसांच्या संघटनेच्या आचारसंहितेत, तपासलेल्या घराची दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन करायची नाही असा नियमच आहे. ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार, त्याच्या अहवालावर विसंबायचं कसं?

मर्यादाही सांगतो. ही तपासणी मुख्यतः डोळ्यांनी होते, भिंत फोडून कोणी बघत नाही. अहवाल म्हणजे हमी नव्हे. छत, निचरा, वायरिंग सगळं बघायला सांगा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) यंत्र लावून तपासायला हवी, नुसतं बटण दाबून नाही.

प्रतिसाद

विकण्याबद्दल. भावाचं म्हणणं अगदीच वावगं नाही. एकदा दोष लेखी कळला की 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही, म्हणून काय उघड करावं लागतं ते वकिलांना आधी विचारा. तरीही मी तपासणी करूनच विकेन. घेणाऱ्याचा माणूस दोष काढणारच, आणि तो नेमका अशा वेळी निघतो जेव्हा तुम्ही पुढच्या घरात अडकलेले असता. मग समोरचा म्हणेल त्या आकड्यावर मान हलवावी लागते. आधी कळलं तर सवडीने दुरुस्ती होते, बिलं आणि फोटो दाखवता येतात, किंवा दुरुस्ती न करता तेवढी किंमत कमी लावता येते. मात्र घेणारा तुमच्या अहवालावर विसंबेल ही अपेक्षा ठेवू नका. तुम्ही तरी मालकांच्या शब्दावर विसंबताय का?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कालचे फोटो मोठे करून बघितले. भेग बाहेरूनही दिसतेय आणि खिडकी खालच्या कोपऱ्यात घासते, हे नवऱ्याच्याही लक्षात आलं होतं. आता मालक म्हणतात, आधी इसार द्या, मग हवी ती तपासणी करा.

प्रतिसाद

इसाराआधी झाली तर उत्तम. ते अडूनच बसले तर इसाराच्या कागदावर लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत तपासणी, मोठा दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत. 'मोठा' म्हणजे काय, हे वकिलांकडून नेमकं घालून घ्या. त्या दिवशी कपाट भिंतीपासून सरकवलेलं हवं, वीज-पाणी चालू हवं, छतावर जायला शिडी हवी. आणि तुम्ही स्वतः सोबत फिरा. अहवालात एका ओळीत आटोपलेली गोष्ट तिथे उभं राहून विचारली की पाच मिनिटं समजावून सांगतात.