फिल्टर कॉफीला डॉस म्हणणाऱ्यांनी जरा इकडं या

डिकॉक्शन_राजारामपुरी
काल इथं व्ही६०_नागाळापार्क यांनी एक यादी टाकली. कोण कॉफी कशी करतो त्यावरून त्याची ऑपरेटिंग सिस्टीम ओळखायची म्हणे. इन्स्टंट म्हणजे विंडोज, डोकं न चालवणाऱ्यांसाठी. कॅप्सूलचं मशीन म्हणजे मॅक, पैसे जास्त झालेल्यांसाठी. व्ही६० (कोनासारख्या भांड्यात पेपर लावून, हातानं पाणी ओतत गाळायची कॉफी) म्हणजे लिनक्स (कुणालाही घेता, बघता, बदलता येणारी सिस्टीम), जाणकारांसाठी. आणि फिल्टर कॉफी म्हणजे डॉस (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची जुनी सिस्टीम), "आता म्युझियममध्ये शोभेल". पहिल्या तीनवर ज्यांना भांडायचंय ते भांडतील, मी डॉसवर बोलणार.

डॉस एका वेळी एका माणसाचं एकच काम करायचं. आमच्या घरात (आजोळ धारवाडचं, त्यामुळं पितळी फिल्टर तिकडनंच आलेला) रात्री जेवणं झाली की वरच्या भांड्यात पावडर भरायची, चकतीनं हलकीच दाबायची, जास्त दाबली की पाणी खाली उतरतच नाही, मग उकळून जरा थांबलेलं पाणी गोल फिरवत ओतायचं, झाकण ठेवायचं आणि झोपायचं. रात्रभर बॅकग्राउंडला थेंब थेंब चालूच. सकाळी त्याच एका डिकॉक्शनमधनं (खाली उतरलेल्या दाट काढ्यातनं) आजीला कडक, बाबांना बिनसाखरेची, पोरांना दुधाला रंग येण्यापुरती, आणि कोण पाहुणा टपकला तर त्यालाही. सिस्टीम एक, युजर चार, प्रत्येकाचं सेटिंग वेगळं आणि कुणामुळं कुणाचं अडत नाही. हे युनिक्स आहे, एका वेळी अनेकांनी वापरायची सिस्टीम. १९६९ ला बेल लॅब्जमध्ये सुरू झालं आणि त्याची पिलावळ आज तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत पोचलीय.

आणि जुनं झालं, म्युझियममध्ये ठेवा, हे असलं आधीही ऐकलंय. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम सरांनी लिनक्स कालबाह्य आहे असं चारचौघांत जाहीर केलं होतं, मोठे प्रोफेसर, मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टीम लिहिणारे. आज सुपरकॉम्प्युटरची ५०० ची यादी काढून बघा, नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर. तेव्हा जरा दमानं.

व्ही६०_नागाळापार्क
आजोळ काढलं की मुद्दा सिद्ध होत नाही. माझा निकष साधा होता, कंट्रोल कुणाच्या हातात. व्ही६० मध्ये १५ ग्रॅम कॉफी, २५० मिली पाणी, पाणी ९२ ते ९६ डिग्री, दळण किती बारीक, पहिलं पाणी टाकून किती थांबायचं, सगळं मी ठरवतो. ग्राइंडर वेगळा, किटली वेगळी, वजनकाटा वेगळा, पेपर वेगळा, प्रत्येकानं आपलं एकच काम नीट करायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं, हीच युनिक्सची पाइप. तुम्ही ओतून झोपता, त्यात कंट्रोल कुठला?

आणि युनिक्स, लिनक्सची नावं घेताय, तर एक सांगा, तुमच्या पावडरीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) किती? आत काय घातलंय ते ज्याला माहीत नाही त्यानं ओपन सोर्सच्या, म्हणजे आतलं सगळं खुलं असण्याच्या, गप्पा मारू नयेत. चिकोरी ही सरळ सरळ भेसळ आहे.

उद्यमनगरचा_फिटर
चिकोरीचं राहू दे बाजूला, आधी ते "डोकं न चालवणारे" वापस घ्या. आख्खं उद्यमनगर, आमचा कारखान्यांचा भाग, विंडोजवर चालतंय. कास्टिंगची ड्रॉइंगं, सीएनसीचे प्रोग्रॅम, टॅली, जीएसटी, सगळं. माझ्या शेडमध्ये एक मशीन आहे, त्याचा पीसी अजून जुन्या विंडोज एक्सपीवर आहे, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला हे मलाही कळतंय, पण मशीन बनवणारानं (नाव घेत नाही) नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिलाच नाही, फोन केला की म्हणतो नवीन कंट्रोलर घ्या, त्याची किंमत ऐकली की माणूस खालीच बसतो. म्हणून नेटची वायर काढून, पेन ड्राइव्ह दुसऱ्या पीसीवर तपासून मगच लावायचा, असं करून ते मशीन मायक्रॉनमध्ये काम देतंय. ह्याला डोकं लागत नाही होय? तुमची किटली गोल फिरवायला लागतं?

आणि विंडोज म्हणजे इन्स्टंट नव्हेच. विंडोज म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनमधली मशीनची कॉफी. वाफेनं फुस्स करून फेस काढायचा, वर चॉकलेट पावडर भुरभुरायची, आणि ती कोपऱ्यात असतेच, कुणी मागितलेली नसली तरी. लॅपटॉप घेतला की विंडोज आलीच तसं. पण हजार माणसाला एका संध्याकाळी पाजायची ताकद तिच्यातच आहे, व्ही६० घेऊन उभं राहा मंगल कार्यालयात, पंगत उठेपर्यंत दहा कप होतील.

डिझायनर_ताराबाईपार्क
फिटर दादा, रिसेप्शनवाल्या कॉफीला लोक एस्प्रेसो म्हणतात आणि ती इन्स्टंटच असते, तेवढं लक्षात घ्या. पण हात न दुखवता गर्दी सांभाळते हे खरं.

मला मॅकचं बोलायचंय. कॅप्सूल म्हणजे मॅक नाही, कॅप्सूल म्हणजे आयफोन. त्यांचंच मशीन, त्यांचीच कॅप्सूल, बाहेरचं घालायचं नाही. नेस्प्रेसो या कॅप्सूलवाल्या कंपनीची पेटंटं संपली तेव्हा बाकीच्यांच्या कॅप्सूल आल्या आणि युरोपनं कायदा केला तेव्हा मार्च २०२४ मध्ये तिथल्या आयफोनवर दुसरी ॲप स्टोअर आली, दोन्हीकडं दार आतून कुणी उघडलं नाही. मॅक म्हणजे मोका पॉट, गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं. दिसायला देखणा, हातात घेतला की छान वाटतो, आणि आतलं काम जुनं आणि भक्कम, खाली बीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टीमचा वारसा आहे. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून कॅफिनेट लिहिलं की मॅक झोपत नाही, एवढी कॉफी बाकी कुणाच्या सिस्टीममध्ये मुरलीय सांगा.

जाता जाता, सिस्टीम बदला बदला म्हणणाऱ्यांनी मराठी डीटीपी करून बघावं. जुन्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, सगळं एका फॉन्टवाल्याच्या स्वतःच्या कोडिंगमध्ये अडकलेलं. दुसरीकडं उघडलं की "कोल्हापूर"च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोड (सगळीकडं चालणारं अक्षरांचं एकच कोडिंग) येऊन एवढी वर्षं झाली तरी क्लायंट अजून जुनी फाइल पाठवतो आणि म्हणतो फक्त तारीख बदला. ती तारीख बदलायला आख्खी पत्रिका परत टाइप करावी लागते.

व्ही६०_नागाळापार्क
मोका पॉट एस्प्रेसोच झाला की मग, घरगुती.

डिझायनर_ताराबाईपार्क
नाही. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास प्रेशर लागतं, मोका एक ते दोन बारवर काम करतो. बियालेटीनं १९३३ मध्ये काढला तेव्हापासून तेच तत्त्व, खालच्या पाण्याची वाफ, मधे कॉफी, वर कप. रबराचा वॉशर बदलायचा आणि पुढं चालू.

चहाबाज_गंगावेस
तुम्हा लोकांना कोल्हापुरात राहून कॉफी सुचतेच कशी? गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात, त्याच्यावर फेस असतो, तो प्यायचा सोडून १५ ग्रॅम आणि ९२ डिग्री चाललंय. आणि प्यायचंच गरम तर चहा प्या. तुमच्या इंटरनेटवाल्यांनी १ एप्रिल १९९८ ला आरएफसी २३२४ (नेटचे नियम लिहायचा कागद) एप्रिल फूलची गंमत म्हणून काढला, कॉफीची भांडी नेटवरनं चालवायचा प्रोटोकॉल, त्यात चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिनं ४१८ एरर द्यायचा आणि स्पष्ट सांगायचं, मी किटली आहे. चहाला स्वाभिमान आहे हे इंजिनिअर लोकांनीच लिहून ठेवलंय.

उडपी_काउंटर
म्हशीच्या दुधाचा विषय काढलात ते बरं झालं, कारण चिकोरी भेसळ आहे म्हणणाऱ्याला उत्तर तिथंच आहे. माझं हॉटेल आहे, रोज सकाळी पहिलं डिकॉक्शन मीच लावतो. आपल्याकडं दूध म्हशीचं, फॅट सहा-सात टक्के. त्यात नुसती प्लांटेशन ए आणि पीबेरीची (दोन्ही कॉफीच्या दाण्यांचे प्रकार) पातळ कॉफी घातली की दूधच लागतं तोंडाला. चिकोरीचं मूळ भाजून दळलं की ते पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळतं, डिकॉक्शन दाट आणि काळं येतं, म्हशीच्या दुधासमोर उभं राहतं. त्यात कॅफिन नसतं, कडूपणा वेगळा असतो. आणि लपवाछपवी काही नाही, कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के पाहिजे आणि टक्के पाकिटावर छापले पाहिजेत असा नियम आहे. वाचायचे कष्ट घ्या. भेसळ म्हणजे जे सांगत नाहीत ते.

डिकॉक्शन_राजारामपुरी
बरोब्बर. आणि व्ही६० साहेब, तुम्ही ज्या डेबियनच्या (लिनक्सचा एक प्रकार) नावानं शपथा घेता त्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की नॉन-फ्री फर्मवेअर (हार्डवेअर चालवायला लागणारं, पण आतलं खुलं नसलेलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच द्यायचं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येतंय. का? तर लोकांच्या लॅपटॉपचं वायफाय चालत नव्हतं. तत्त्व एका बाजूला, पण समोर जे हार्डवेअर आहे त्याच्यावर चाललं पाहिजे. आपलं हार्डवेअर म्हणजे म्हशीचं दूध. चिकोरी हे आपलं फर्मवेअर आहे.

व्ही६०_नागाळापार्क
ही पळवाट आहे. डेबियननं फर्मवेअर दिलं पण कुठलं घातलंय ते सांगितलं आणि नको असेल तर बंद करायची सोय ठेवली. तुमच्या कपातनं चिकोरी बाहेर काढून दाखवा. आणि ४९ टक्क्यांपर्यंत चालते म्हणजे अर्धा कप मुळाचा, त्याला कॉफी म्हणायचं? मी बंगळुरात असताना चिकमगळूरच्या मळ्यांवर गेलोय, सावलीत वाढलेली अरेबिका पिकल्यावर हातानं तोडतात, माणसं एवढी मेहनत घेतात आणि आपण त्यात भाजलेलं मूळ घालून वर साखर ओततो. राग येतो मला. शेतकऱ्यानं केलेल्या कामाची चव लोकांपर्यंत पोचतच नाही.

उद्यमनगरचा_फिटर
आला बंगळूर. कोल्हापूर सोडून चार दिवस बाहेर राहिलं की आपल्या माणसांची जीभच खराब दिसायला लागती. शेतकऱ्याचा एवढा कळवळा आहे तर चिकोरी पण शेतकरीच पिकवतोय, गुजरातमधला. तो काय शेतकरी नव्हं?

व्ही६०_नागाळापार्क
जीभ खराब असं मी कुठं म्हटलं ते दाखवा. स्वतःच्या मनानं वाक्यं घालू नका माझ्या तोंडात.

उद्यमनगरचा_फिटर
"डोकं न चालवणारे" कुणी लिहिलं मग? ते पण मीच घातलं तोंडात?

डिझायनर_ताराबाईपार्क
दोघंही जरा थांबा. फिटर दादांचं बरोबर आहे, ते वाक्य काढायला पाहिजे. आणि इन्स्टंटचं एक कुणीच बोललं नाही. इन्स्टंट पावडर म्हणजे आधीच करून झालेली कॉफी, फॅक्टरीत काढा काढून वाळवलेली, आपण फक्त पाणी घालतो. सगळं काम दुसरीकडं झालेलं आणि आपल्या हातात फक्त शेवटचं टोक, ही तर क्रोमबुक (बहुतेक काम नेटवर करणारा लॅपटॉप) झाली. माझी बहीण हॉस्टेलला आहे, परीक्षेच्या रात्री तिला तेवढंच जमतं आणि तेवढंच पुरतं. तिला कुणी अडाणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

व्ही६०_नागाळापार्क
ठीक आहे, ते वाक्य मागं घेतो, उद्यमनगरवाल्यांसाठी नव्हतंच ते. फिल्टर म्हणजे डॉस हेही सोडतो, एका डिकॉक्शनवर चार जण हा मुद्दा मला खोडता येत नाही. डेबियन म्हणा हवं तर. फिटर भाऊ, ऑफिसचे पीसी विंडोज १० वर असतील तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतात, जुन्या पीसीत ते नसतं. चांगले चालणारे पीसी भंगारात घालू नका, मी येऊन लिनक्स मिंट टाकून देतो. पण चिकोरीवर मी हटणार नाही. १० टक्क्यांपर्यंत एकवेळ समजू शकतो, त्याच्या वर भेसळच.

उद्यमनगरचा_फिटर
या रविवारी. पण टॅली त्याच्यावर चालत नसंल तर अकाउंटवाल्या पोरीला तुम्हीच समजावून सांगायचं. आणि तिथं प्रिंटर एका कंपनीचा हाय, आधी एकानं लिनक्स टाकून बघितलं तेव्हा त्यानं कागदच ओढला नाही, ते पण बघा.

चहाबाज_गंगावेस
म्हणजे कॉफीवाले आता एकमेकांच्या घरी जायला लागले. चहा कोण देणार ते ठरवा.

उडपी_काउंटर
नागाळापार्क, १० टक्के चिकोरी म्हशीच्या दुधात घातली काय आणि नाही घातली काय, सारखंच. मी २० नं सुरुवात केली होती, गिऱ्हाइकं म्हणायची आज डिकॉक्शन कमी पडलं काय, ३० ला आलो तेव्हा बोलणं बंद झालं. गायीच्या दुधात १० चालेल, ते वेगळं. तुम्ही हॉटेलात सकाळी सहाच्या आत या, दोन्ही डिकॉक्शन वेगवेगळी लावून ठेवतो, दूध तेच, साखर तुम्ही सांगाल तेवढी. पावडरीच्या पाकिटावरचे टक्के झाकून ठेवीन आणि तुमच्याबरोबर फिटर भाऊ आणि आमचे दोन रोजचे गिऱ्हाईक बसवीन, म्हणजे पुन्हा कोण म्हणायला नको की हॉटेलवाल्यानं आपल्या बाजूचीच माणसं आणली.