भजनी मंडळांचं संगीत-त्रैमासिक : मुखपृष्ठावर चेहरे भरावेत की एकच फोटो?

वडसा_डीटीपी
खेड्यातली भजनी मंडळं, खंजेरीवाले आणि झाडीपट्टीच्या नाटकांतले गायक-वादक यांच्यासाठी ए-४ आकाराचं, आत ३२ पानं आणि वर वेगळं कव्हर असं त्रैमासिक काढायचं, तर ते दिसावं कसं?

माझं मत : कव्हर भरलेलंच हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो आणि चौकाचौकात पोस्टर चढतात. जाड बॉर्डरची अक्षरं, लाल-पिवळा रंग, खाली कलाकारांच्या चेहऱ्यांची रांग. आपल्या वाचकाची नजर त्यावर तयार झालेली आहे. पांढरं मोकळं कव्हर आणि कोपऱ्यात बारीक नाव दिलं की त्याला ते सरकारी अहवालासारखं वाटतं, तो हात लावत नाही. वर ठसठशीत नाव, मधे मुख्य कलाकार, खाली सहा चेहऱ्यांची पट्टी. प्रत्येक चेहऱ्याखाली नावासोबत गाव छापा. गिऱ्हाईक आधी गावच शोधतं.

ऑफसेट_अकोला
दादा, पोस्टर भिंतीवर असतं आणि दहा फुटांवरून बघतात. मासिक हातात असतं. सहा चेहऱ्यांची पट्टी ए-४ वर बसवली की एकेक चेहरा जेमतेम ३ सेंमीचा होतो. एक फोटो पिवळ्या बल्बखालचा, दुसरा ट्यूबलाइटचा निळसर, तिसरा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. शेजारी ठेवले की सगळं कव्हर मळकट दिसतं.

एकच फोटो घ्या. खांद्यापासून वर, डोळे पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात, एका बाजूला तीन मथळ्यांपुरती जागा रिकामी. ब्रिटनचं 'केरँग' १९८१ साली हार्ड रॉकवाल्यांसाठी निघालं. नावाची अक्षरंच तडकलेली, त्यामुळे अंक कोणासाठी आहे हे आत न बघता कळतं. आपल्या अंकाच्या नावानंही तेवढं काम करायला हवं.

फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो बहुतेकदा लांब बाजूनं १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. ३०० डीपीआयनं तो साडेतेरा सेंमीच होतो. कव्हरची उंची २९.७ सेंमी आणि वर-खाली ३-३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई. तोच ताणून बसवला तर चेहरा फुटणारच.

हार्मोनियम_दारव्हा
तुम्ही दोघं कव्हरवरच अडकलात. कव्हरमुळे अंक एकदा विकला जाईल. पुढचा अंक घ्यायचा की नाही हे आतल्या पानांवर ठरतं, आणि ती पानं पेटीसमोर सतरंजीवर ठेवून वाचली जातात. डोळ्यापासून अंतर अडीच-तीन फूट, उजेड मंडपातला. तिथं ११ पॉइंटचा मजकूर मेला. लेख १२ पॉइंटला १८ लीडिंगनं, म्हणजे ओळींमधल्या अंतरानं, चालतील, पण स्वरलिपीला १६ वर २८ द्या. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली. भातखंडे पद्धतीत त्यावर मंद्राचा (खालच्या सप्तकाचा) बिंदू खाली, तारेचा (वरच्या सप्तकाचा) वर, कोमलची आडवी रेघ खाली आणि तीव्र मध्यमाची उभी रेघ वर. लीडिंग आवळलं की वरच्या ओळीचा मंद्र बिंदू खालच्या ओळीतला तार बिंदू वाटतो आणि सप्तकच बदलतं.

आठ मात्रांचा केरवा ताल असेल तर आठ रकान्यांचा तक्ता करा, मात्रेला सुमारे २ सेंमी, एका ओळीत एकच आवर्तन. पहिल्या मात्रेखाली समेची खूण ×, पाचवीखाली कालाची ०. स्पेसबार मारून जुळवू नका, फॉन्ट बदलला की सगळं सरकतं. युनिकोडमध्ये अनुदात्ताचं चिन्ह कोमलसाठी आणि उदात्ताचं तीव्र मध्यमासाठी चालतं, अंडरलाइनची गरज नाही.

आणि मजकुरामागे फिकट तंबोरा टाकायची हौस आवरा. दहा टक्के छटेतले छपाईचे ठिपके आणि मंद्राचे बिंदू रात्री वेगळे ओळखू येत नाहीत.

एक भजन समोरासमोरच्या दोन पानांत संपलं पाहिजे, डावं सम आणि उजवं विषम. गाता गाता पान उलटायला हात रिकामा नसतो. सगळ्यात लांब चीज १६-१७ वर घ्या. मधली पिन असलेल्या ३२ पानी अंकात तो एकच अखंड कागद असतो आणि सपाट पडतो. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला डिंक लावून बांधणी, केलं तर अंक आपोआप मिटतो, मग त्यावर कुणी टाळ ठेवेल.

खंजेरी_तिवसा
भाऊ, पन नोटेशन वाचते कोन? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं गावोगावी कानावरून गेली. मोझरीला त्यांच्या पुण्यतिथीला या, हजारो मानसं सुरात गातात, त्यातल्या कितींना कोमल निषादाची रेघ समजते? आठ रकान्यांच्या तक्त्यात दोन पानं घालवन्यापेक्षा त्याच जागेत तीन भजनं बसतात. ब्रिटनच्या 'स्मॅश हिट्स'नं १९७८ पासून पोरांसाठी गान्याचे शब्द छापले, आनि तो अंक चांगला चालला.

भजनाच्या डोक्यावर एक चौकट द्या : चाल, ठेका, आनि पेटीवरचा सूर, मानसांसाठी काळी एक, बायांसाठी काळी चार. बायांची मंडळं आता गावोगावी हायेत, त्यांचा सूर कोनी छापतच नाई. झीलकऱ्यांच्या, म्हंजे मागून साथीनं गानाऱ्यांच्या, ओळी ठळक, बुवाच्या साध्या. चालीसाठी क्यूआर कोड. दोन सेंमीपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा, आनि घडीवर नको.

हार्मोनियम_दारव्हा
झीलकऱ्यांच्या ओळी ठळक करा, हे पटलं. पण क्यूआरवर चाल सोडायची म्हणजे गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडच्या मंडळाला सांगायचं, रेंज शोधा. शब्द छापलेत, चाल नाही, तर अंक अर्धाच पोचला. निदान ध्रुपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायच्या ओळीची, स्वरलिपी द्या, अंतरे शब्दांत. आणि ज्याला कळत नाही तो शिकेल कुठून, छापलंच नाही तर?

ऑफसेट_अकोला
कागदाचं ठरवून टाका. आत ७० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, घेतला की मागची छपाई पुढं दिसते, स्वरलिपीला ते जमायचं नाही. ८० घ्या. आत आर्ट पेपर नको, बल्बखाली चमकतो. कव्हर १७० चा आर्ट, पण मॅट लॅमिनेशन. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांत काळा केला आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, अर्धा मिमी हललं की प्रत्येक अक्षराला लाल-निळी कड येते. काळ्या पानावर पांढरी बारीक अक्षरं तर नकोच, 'ध' आणि 'भ'ची पोटं भरतात.

वडसा_डीटीपी
कागद मान्य, मॅट मान्य. चेहरे मात्र मी पुढच्याच कव्हरवर ठेवणार. फोटो मळकट येतात म्हणून माणसं काढून टाकायची, हे मला पटत नाही. फोटो नीट काढा. सकाळी नऊच्या आत, दाराच्या सावलीत, मागे एकाच रंगाची चादर, सगळ्यांना चार फुटांवर उभं करून, एकाच फोनवर, फ्लॅश बंद. सहाही चेहऱ्यांची हनुवटी ते कपाळ उंची सारखी कापा. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात सावळा असे दोन चेहरे शेजारी लावून आधी प्रूफ काढा, कारण सावळे चेहरे छपाईत आणखी गडद येतात आणि डोळे हरवतात. तसं झालं तर मधल्या छटा थोड्या उचला.