मदत हवी आहे : १८७६च्या मासेमारी खटल्याची मूळ कागदपत्रे

मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये 'बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा' या खटल्यात, समुद्रात मासेमारी करण्याचा हक्क सर्वांना समान असून तो कोणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही, मात्र स्थानिक रूढीने त्याचे नियमन होऊ शकते, असे तत्त्व मांडले. मला निकालातला हा रूढीचा भाग फार मोलाचा वाटतो, कारण १८७९च्या जमीन महसूल कायद्याने भरतीरेषेखालील समुद्रतळ व खाड्यांचे तळ सरकारी मालकीचे ठरवले, आणि कोळीवाड्यांच्या हाती मुख्यतः वहिवाटच उरली.

या खटल्यातील खालच्या न्यायालयाचे मराठी अर्ज, जबान्या किंवा डोल जाळ्यांच्या (समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या) खुंटांच्या जागा ठरवणारे गावचे जुने करार कोणी पाहिले आहेत का? ते कोणत्या दप्तरखान्यात शोधावेत, हे कृपया कळवावे.