पेनाला साजेसा फ्रेंच चाकू : संग्रहाचा खरा निकष कोणता?

निळी शाई :
नोकरीनिमित्त मी गेली सहा वर्षे फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे राहतो. येथून पूर्वेला चाळीसएक किलोमीटरवर त्येर हे गाव आहे. द्युरोल नदीच्या उतारावर वसलेल्या या गावात कित्येक शतके चाकू-सुऱ्यांचाच धंदा चालत आला आहे. जुन्या काळी येथील धार लावणारे कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या दगडासमोर फळीवर पालथे पडून काम करीत आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवीत.

फाउंटन पेनांचा नाद मला शाळेपासून आहे. तीन वर्षांपूर्वी त्येरमधील एका छोट्या कारखान्यात मी ज्युनिपरच्या लाकडाचा एक ठोकळा उभा चिरला जाताना पाहिला. पुस्तक उघडावे तशा दोन फळ्या समोरासमोर उलगडल्या आणि दोन्हींवर एकच रेषा आरशातल्यासारखी उमटलेली होती. त्या फळ्या मुठीच्या दोन बाजूंना बसल्या आणि उरलेल्या तुकड्यातून ओळखीच्या एका खरादी कारागिराने माझ्यासाठी पेनाची नळी व टोपण कातून दिले. तेव्हापासून मी अशा चार जोड्या जमवल्या आहेत : ज्युनिपर, ऑलिव्ह, आबनूस आणि गाईच्या शिंगाचे टोक.

माझे म्हणणे असे आहे की, पेन आणि खिशातला चाकू या माणसाच्या हाताला रोज लागणाऱ्या, हातानेच घडवलेल्या आणि वापराने अधिक देखण्या होणाऱ्या वस्तू आहेत. त्या एकाच लाकडातून आल्या तर संग्रहाला एक सूत्र मिळते आणि प्रत्येक वस्तूकडे आपण अधिक बारकाईने पाहू लागतो. फ्रान्समध्ये जुन्या पिढीतले लोक आजही जेवायला बसताना स्वतःचा चाकू खिशातून काढतात. त्याच खिशाला त्याच लाकडाचे पेन असावे, ही हौस मला सार्थ वाटते. आपणांस काय वाटते?

लोहारआळी :
आपली हौस मला समजते, पण निकष चुकला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मूठ हा चाकूचा अंगरखा आहे आणि चाकूचा जीव पात्यात व पाठीवरच्या कमानीत, म्हणजे पाते जागी धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्टीत, असतो. लायोल चाकू, म्हणजे फ्रान्समधील लायोल गावाच्या नावाने ओळखला जाणारा घडीचा चाकू, हाती आला की (गावाचे नाव ‘लागिओल’ असे लिहितात, पण तेथील लोक ‘लायोल’ म्हणतात) मी प्रथम तो बंद करून उजेडासमोर धरतो. कमान आणि आतले पितळी पत्रे यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये आणि पाते दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मधोमध उभे असावे. मग कमानीवरचे कानसकाम पाहावे. हाताने कानस फिरवलेली असेल, तर दोन चाकूंची नक्षी कधीच तंतोतंत सारखी येत नाही. कमानीच्या टोकावरच्या ज्या आकृतीला सगळे मधमाशी म्हणतात तिला कारागीर माशीच म्हणतात आणि उत्तम चाकूत ती कमानीच्याच पोलादातून घडवलेली असते, वरून डाग दिलेली नसते. यांपैकी एकही गोष्ट पेनाशी जुळवून पाहता येत नाही. जोडीच्या नादात संग्राहकाची नजर लाकडाच्या रंगावर खिळते आणि कमान दुय्यम ठरते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. चाकूच्या मुठीवर लाकूड चांगले जाड राहते आणि त्याला पितळी पत्र्याचा व रिव्हेटांचा आधार असतो. पेनाची भिंत मात्र दीड-दोन मिलिमीटरची, आणि इतक्या पातळ लाकडाला हवेत थोडा फरक पडला तरी तडा जातो. म्हणून बहुतेक कारागीर जोडीचे लाकूड निर्वात पात्रात राळ मुरवून स्थिर करून घेतात. एकदा राळ मुरली की ज्युनिपरचा तो मिरीसारखा वास जातो आणि लाकूड हाताला प्लॅस्टिकसारखे लागते. म्हणजे पेनाची गरज भागवण्यासाठी आपण चाकूच्या मुठीचा प्राण काढून घेतो. याला मी संग्रह म्हणणार नाही.

दौतटाक :
मी निळी शाई यांच्या बाजूने लिहिते. चाकू आणि लेखणी यांचे नाते दागिन्यांच्या दुकानात जुळलेले नाही. माझे आजोबा पोथ्यांच्या नकला करीत आणि बोरू तासण्यासाठी त्यांच्याजवळ वेगळा लहान चाकू असे. आधी तिरका छेद, मग टोकाला उभी चीर, आणि शेवटी टोक नखावर ठेवून एका दाबात आडवे कापणे. हे शेवटचे काम बोथट चाकूने कधीच होत नसे. अक्षराची जाडी चाकूवर ठरत होती. युरोपात पिसाच्या लेखणीचीही हीच रीत होती आणि फ्रेंचमध्ये त्या चाकूला ‘कानिफ’ हा स्वतंत्र शब्द आहे. पोलादी निबाने ही गरज संपवली हे खरे, पण नाते विसरण्याचे कारण नाही. दोन वस्तू पुन्हा शेजारी ठेवणाऱ्या माणसाला मी हौशी म्हणेन, उथळ म्हणणार नाही.

सागरगोटा :
मला वेगळीच काळजी आहे. लायोल या नावाचा इतिहास जोडी जमवणाऱ्यांनी आधी वाचावा. 1829 च्या सुमारास त्या गावात हा चाकू आकाराला आला, 1880 च्या सुमारास त्याला बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू जोडला गेला, पण विसाव्या शतकात गावातले उत्पादन जवळजवळ थांबले आणि चाकू त्येरमध्ये बनू लागला. 1987 मध्ये गावात फोर्ज द लायोल हा कारखाना उभा राहिला, ज्याच्या छपरातून फ्रेंच डिझायनर फिलिप स्तार्क यांनी योजलेले अठरा मीटर उंच पाते वर आलेले दिसते. त्यानंतर 1993 मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एका उद्योजकाने ‘लायोल’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. खटले वर्षानुवर्षे चालले आणि 2012 मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून आपल्याच गावाच्या नावाची पाटी उतरवली. हस्तोद्योगाच्या वस्तूंनाही भौगोलिक संरक्षण देणारा फ्रेंच कायदा 2014 मध्ये आला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

आज आशियात बनलेला ‘लायोल’ काही युरोंत मिळतो आणि हाताने घडवलेल्यासाठी शंभर-दीडशे युरो सहज मोजावे लागतात. अशा बाजारात जो माणूस आधी मूठ पेनाशी जुळते का हे पाहतो, तो कारागीर कोण हे शेवटी विचारतो. मी स्वतः एका दुकानातून पेन व चाकूची मखमली पेटी घेतली होती. पेनावर कारागिराची खूण होती. चाकूवर नुसते नाव आणि माशी, आणि ती माशी दुसऱ्या महिन्यात निघून हातात आली.

निळी शाई :
कमानीबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो. माझा ऑलिव्हचा चाकू उजेडासमोर धरून पाहिला, तर मागच्या टोकाला केसाएवढी फट आहे आणि तीन वर्षांत ती माझ्या लक्षात आली नव्हती. सागरगोटा यांचा अनुभव वाईट आहे, परंतु तो तयार पेटीचा आहे. मी ज्या जोड्यांविषयी बोलतो त्यांत मी चाकू घडवणाऱ्यासमोर उभा असतो, त्याला लाकूड निवडताना पाहतो आणि त्याचे नाव पात्यावर ठसवलेले असते. जोडी हवी म्हणूनच मी त्या कारखान्यात चार तास थांबलो; नुसता चाकू घ्यायचा असता, तर दुकानातून घेऊन निघालो असतो.

राळेबद्दल मात्र मी मागे हटत नाही. ज्युनिपरच्या जोडीत राळ मुरवलेली नाही. खरादी कारागिराने पेनाच्या आत पातळ पितळी नळी बसवली, त्यामुळे पेन बारा ग्रॅमने जड झाले, पण लाकूड कच्चेच राहिले. नखाने घासले की दोन्हींना तोच वास येतो. जड पेन मला चालते.

लोहारआळी :
पितळी नळीचा उपाय योग्य आहे आणि तो मला सुचला नव्हता, हे प्रांजळपणे लिहितो. तरीही लाकूड आणि पितळ एकाच प्रमाणात फुगत नाहीत. आपण जून-जुलैत कोकणात घरी येणार असाल, तर ती जोडी बरोबर आणा. चाकू विमानात हातातल्या सामानात चालणार नाही, तो चेक-इन बॅगेत ठेवावा लागेल. निघण्यापूर्वी आणि येथे तीन आठवडे राहिल्यावर, मुठीची रुंदी व पेनाच्या नळीचा व्यास व्हर्नियरने एकाच जागी मोजा आणि ते आकडे येथे लिहा. पेनाला तडा गेला नाही, तर मी माझा दुसरा आक्षेप मागे घेईन. पहिला कायम राहील.