मदत हवी आहे : पीकॉक बास मोठा झालाय, रंकाळ्यात सोडायचा नाही

नमस्कार मंडळी,
मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. भाच्यानं २ वर्षांपूर्वी बोटाएवढं पिल्लू आणलं होतं. भाचा शिकायला पुण्याला गेला, मासा माझ्याकडे राहिला. आता तो १४ इंच भरतो. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद. वळताना शेपूट काचेला घासते, खालचा ओठ सोलवटलाय. शेपटीवरचा सोनेरी कडेचा, डोळ्यासारखा काळा ठिपका मात्र अजून लखलखीत आहे. टाकीजवळ गेलं की माझ्या हाताबरोबर सरकत येतो. जीव लागलाय हो त्याच्यावर.

जो येतो तो म्हणतो, "सोड की रंकाळा तलावात." पण हा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन-ओरिनोको नद्यांकडचा शिकारी मासा, लहान मासे अख्खे गिळतो. पनामात १९६७ च्या सुमारास हे मासे चुकून नदीत गेले, तिथून गातून तलावात पसरले आणि काही वर्षांतच तिथले नेहमीचे बरेचसे मासे दिसेनासे झाले. नर-मादी दोघंही पिल्लं राखतात, त्यामुळे पिल्लं जगतातही भरपूर. माझा एकटाच आहे, पण उद्या आणखी कुणी दुसरा सोडला तर?

शिरोळकडचे पाहुणे शेततळ्यात ठेवतो म्हणाले. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवून मीच नको म्हटलं, पुरात मासा नदीत जायचा.

कुणाकडे ६-७ फुटी जुनी टाकी आहे का? किंवा नीट सांभाळणारं कुणी? आणि हा जिवंत गोल्डफिशशिवाय तोंड उघडत नाही, त्याला दुसरं खाणं कसं लावू?

प्रतिसाद :
ताई, गोल्डफिश आधी बंद करा. त्यात थायमिनेज (बी-१ मोडून टाकणारं द्रव्य) असतं, सतत खाऊन बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. एवढा मासा ४-५ दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. मग सोललेली कोळंबी दोऱ्याला अडकवून पाण्यात हलवा, हलणाऱ्या वस्तूवर तो झेपावतो. दोरा मात्र सैल बांधा, ओढताच कोळंबी सुटावी; दोरा पोटात जाता कामा नये. चिकन-मटण देऊ नका. टाकी किमान अडीच फूट रुंद बघा, लांबीपेक्षा वळायला जागा महत्त्वाची. तोवर दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून. थंडीत पाणी २५ अंशांखाली जाऊ देऊ नका. लाईट गेली तर काचेभोवती घोंगडं गुंडाळा.

धागाकर्ती :
आज ५वा दिवस. कोळंबी तोंडात घेतली, थुंकली, परत घेतली आणि गिळली! टाकी अजून मिळाली नाही, इचलकरंजी-सांगलीकडची असली तरी येऊन घेऊन जाईन.