आईसाठी हॉस्पिटल बेड आणि एअर मॅट्रेस – मदत हवी आहे

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वय ७८, पुढच्या आठवड्यात घरी आणायचंय आणि डॉक्टर म्हणाले निदान तीन महिने बेड लागेलच. सेमी फाउलर म्हणजे फक्त पाठ वर होते आणि फुल फाउलरला गुडघ्याकडचा भागही, एवढं कळलं, पण दुकानदार मोटरवालाच घ्या म्हणून मागे लागलाय. हँडल फिरवायला आम्ही दोघं आहोत की घरात! भाड्याने घ्यावा की विकत?

खरा गोंधळ गादीचा आहे. माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसतोय, बोट दाबलं तरी पांढरा पडत नाही, नर्स म्हणाली ही बेडसोरची सुरुवात. दर दोन तासांनी कूस बदलतोच आहोत, पण एअर मॅट्रेस फुग्याफुग्यांची चांगली की आडव्या नळ्यांची? आणि लाईट गेली की ती बसते का, इन्व्हर्टरवर पंप चालतो का?

आम्ही सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा की कपाटसुद्धा दोरीने गॅलरीतून चढवलं होतं. त्यामुळे सुटा करून वर आणून जोडून देणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा.